तो डाग तसाच का ठेवलाय?

दसऱ्याला घरी येणारं प्रत्येक जण हेच विचारतं. माझ्या जपानी तलवारीचं पातं बघून होतं, म्यानाची लाखेची झळाळी बघून होते, मग नजर मुठीखालच्या चकतीवर थांबते. "एवढी जिवापाड जपतेस, मग हा तांबडा डाग कशाला ठेवलायस? काढून का घेत नाहीस?" आजवर मी "बघू, द्यायचंय कुणाकडे तरी" असं म्हणून चहा टाकायला उठत आले. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगते.

पैशाचा प्रश्न नाही आणि आळसाचाही नाही. वीस वर्षं मी तोक्योत इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याची जपानी विद्या, शिकतेय. पात्यावरचं जुनं तेल कागदानं टिपून नवं लावायचं, त्या तेलाला लवंगेचा वास, तो बोटांना दिवसभर राहतो. हे काम मी कधी चुकवलेलं नाही. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, गेल्यावर त्यांच्या पत्नीनं ही तलवार माझ्या हाती दिली. मालक बदलला की २० दिवसांच्या आत तिथल्या शिक्षण मंडळाला कळवावं लागतं, मी तिसऱ्या दिवशी कळवलं. तेव्हा निष्काळजी म्हणून मला कुणी बोलू नये.

पातं आपल्या काळातलं आहे, पण चकती, म्हणजे त्सुबा, जपानच्या एदो काळातली, दोनशे वर्षांपूर्वीची. हात धारेवर घसरू नये म्हणून ती असते, पण बघणारा हे विसरतो. ती शाकुदोची आहे. शाकुदो म्हणजे तांबंच, त्यात चार-पाच टक्के सोनं. नुसतं घडवलं तर तांब्यासारखंच दिसतं. पण मुळ्याचा कीस चोळून ते तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळत ठेवलं की हळूहळू निळसर काळं होतं, कावळ्याच्या पंखासारखं. हा रंग वरून फासलेला नसतो. धातूचीच वरची कातडी बदललेली असते आणि ती फार पातळ असते. त्या काळ्या जमिनीवर बारीक गोल दाणे आहेत, प्रत्येक दाणा हातानं ठोकून उठवलेला. जपानीत त्या कामाला नानाको म्हणतात, माशाची गाबोळी. आणि त्यावर एका कोपऱ्यात सोन्याचा एकच चतुर. जपानी लोक चतुराला काचिमुशी म्हणतात, जिंकणारा किडा. तो पुढेच जातो, मागे फिरत नाही, अशी समजूत, म्हणून सामुराईंना तो प्रिय. सेन्सेईंनी ही त्सुबा चाळीस वर्षं सांभाळली. माझ्याकडे ती दोन वर्षंसुद्धा धड राहिली नाही.

२०१६ची खंडेनवमी. आई औरंगाबादहून आली होती. सकाळी मी मुठीतली बांबूची खुंटी काढून तलवार सुटी केली. पूजेआधी पात्याला तेल द्यायचं होतं. त्सुबा कागदावर ठेवून तो कागद ओट्याच्या कडेला सरकवला. आई तिथंच चिंचेच्या कोळानं देवाची उपकरणी घासत होती, ताम्हन, पळी, निरांजन. मी पात्यावर वाकलेली. ती म्हणाली, "हे बिदरीसारखं दिसतंय गं. घासू का?"

मी मान वर केली नाही. म्हणाले, "घास."

हे मी कितीदा तरी परत ऐकलंय. आमच्या घरात बिदरीचा सुपारीचा डबा होता, काळ्यावर चांदीची वेल. त्याला आईनं आयुष्यात कधी चिंच लावली नाही, कोरड्या फडक्यानं पुसायची. काळं हे मळलेलं नसतं, केलेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिनं विचारलं. आणि तिची मुलगी, जपानी तलवारीची जाणकार, तिला घास म्हणाली.

वर बघितलं तेव्हा एका बाजूला, अंगठ्याएवढ्या जागेत, कच्च्या तांब्याचा गुलाबी रंग निघाला होता. चतुर तेवढा लखलखत होता. मी ओरडले. "कळत नाही तर हात कशाला लावतेस?" आईनं हात धुतले. राहिलेली उपकरणी घासून, पुसून पालथी ठेवली. पुढचे पंधरा दिवस, परत जाईपर्यंत, ती माझ्या घरात प्रत्येक गोष्ट विचारून करायची. "हा डबा उघडू का? हे पातेलं घेऊ का?"

त्यानंतर महिन्याभरात मी एका कारागिराकडे गेले. अशी माणसं आता थोडीच उरलीत. १८७६ साली कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी आली, तेव्हाच या कामाचं गिऱ्हाईक गेलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, हे कशानं झालं? मी म्हणाले, मला असंच मिळालं.

म्हणजे दोष सेन्सेईंच्या माथी मारला. त्यांची बाजू सांगायला ते नव्हते.

कारागीर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, हाताळून रंग गेला तर दाण्यांच्या माथ्यावरून आधी जातो, मधल्या खळग्यांत काळं राहतं. इथं खळग्यांतूनही गेलंय. तिथं बोट पोचत नाही, आंबट पाणी पोचतं. आणि हे ताजं आहे. एवढं बोलून त्यांनी त्सुबा फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. रंग पुन्हा देता येईल, पण सगळीकडे सारखा यायचा तर त्या बाजूचं उरलेलं जुनं काळंही उतरवावं लागेल, विचार करून या, म्हणाले. मी वाकून नमस्कार केला आणि निघाले.

उरलेलं जुनं काळं घालवायचं नाही, हे माझं कारण खोटं नाही. पण ते मला फार सोयीचं आहे, हेही खरं.

मधली काही वर्षं मी सांगायचे की ही आईच्या हाताची खूण आहे, म्हणून ठेवलीय. लोकांचे डोळे भरून यायचे. ते बंद केलं, कारण आई तेव्हा जिवंत होती, आजही आहे, आणि तिला ही खूण नको आहे. कुणी म्हणतं, जपानमध्ये फुटलेला वाडगा सोन्यानं सांधतात ना, तसंच समज. याचा मला राग येतो. तो वाडगा कुणीतरी बसून सांधलेला असतो. मी काहीच केलेलं नाही.

पुन्हा काळं करून घ्यायचं तर त्या माणसासमोर बसून आधी खरं सांगावं लागेल. दुसऱ्या कारागिराकडे जाता येईल, पण तिथंही पहिला प्रश्न तोच येणार. काही वेळा वाटतं, या वर्षी जाऊच. काही वेळा वाटतं, दोनशे वर्षांचं काळं माझी लाज झाकायला का उतरवायचं?

आई फोनवर अजून विचारते, "झालं का गं ते परत काळं?" मी म्हणते, होईल. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "त्या माणसाला सांग, माझ्या आईनं घासलं. म्हाताऱ्या माणसांकडून होतं असं."

तिनं आधी मला विचारलं होतं, हे तिच्या लक्षात आहे की नाही, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.