कंपोटची आदली रात्र

आमच्या मंडळाचं हिवाळी संमेलन सुट्ट्यांत, दर वर्षी ठरलेलं. कार्यक्रमपत्रिकेत भाषणं असायची, गाणी असायची, संगीत खुर्ची असायची. त्यातलं कुठल्या वर्षी काय झालं ते मला आता सांगता येणार नाही. आठवते ती पत्रिकेत कधीच न छापलेली आदली रात्र, फळं सोलायची.

जेवणात गोडाला गरम मसाल्याचा वास असलेलं फळांचं कंपोट, म्हणजे साखरेच्या पाकात मंद शिजवलेली फळं. साठ माणसांना आठ किलो सफरचंद आणि पेअर, वर किलोभर सुकी फळं. सुकी फळं म्हणजे जर्दाळू, अंजीर, आलुबुखार आणि मनुका. ती दुपारीच संत्र्याच्या रसात भिजत घातलेली असत. रात्री झाकण उघडलं की टम्म फुगलेली दिसायची, आणि चाखून बघण्याच्या नावाखाली त्यातली दहा-वीस तरी कमी व्हायची. ज्या काकूंकडे स्वयंपाकाची सूत्रं होती, त्या हे हिशेबात धरूनच मूठभर जास्त भिजवायच्या. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

सोलणाऱ्यांचे दोन गट आपोआप पडायचे. एका दमात अख्खी साल काढणारे आणि गप्पा मारणारे. मी दुसऱ्यातला. चिरलेल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्याचं पातेलं मध्ये ठेवलेलं असे आणि बोलता बोलता फोडी त्यात टाकायच्या. फोडी मोठ्याच हव्यात, असा काकूंचा दंडक होता. "जॅम करायचा नाहीये, फळ फळासारखं दिसलं पाहिजे!" कंपोट हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचं मूळ ‘एकत्र केलेलं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, हे मी पुढे वाचलं. एकत्र येऊनही प्रत्येक फोड वेगळी राहायला हवी, यावर मात्र काकू ठाम होत्या.

ते साधायचं कसं, हे एका फसलेल्या वर्षाने शिकवलं. काकू बाहेरगावी होत्या. उत्साही मंडळींनी फोडी नुसत्या पाण्यात उकळल्या आणि साखर शेवटी घातली. सगळ्याचा लगदा झाला. तो ‘यंदाचा नवा प्रकार’ म्हणून वाढला गेला आणि कोणी काही बोललं नाही. (दुसऱ्यांदा मात्र कोणीच मागितला नाही.) काकू परतल्यावर नुसतं ऐकूनच म्हणाल्या, "साखर आधी, फळ नंतर." साखरेच्या पाण्यात शिजणारं फळ आकार धरून राहतं, लिंबाचा आंबटपणाही त्याला मदत करतो. नुसत्या पाण्यात ते चटकन विरघळायला लागतं. शिवाय क्रम सांभाळायचा. आधी सुकी फळं, मग कडक पेअर, मग सफरचंद. आच मंद, पाणी नुसतं थरथरत राहील इतकीच. सुरीचं टोक अडखळत आत गेलं की गॅस बंद, उरलेलं फळ स्वतःच्या वाफेवर होतं. साखर म्हणाल तर आठ किलोला जेमतेम सव्वा किलो. अंजीर-मनुकांचा गोडवा उतरतो, तेव्हा हात आखडता घ्यायचा. आणि भांडं स्टीलचंच. आंबट फळ अॅल्युमिनियमच्या टोपात शिजवलं तर धातूची चव लागते.

मसाल्याची गोष्ट निराळी. दालचिनी, चक्रीफूल, वेलदोडे, आल्याचे काप आणि संत्र्याची साल. साल पातळ सोललेली, आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. सगळा मसाला अख्खा, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडायचा. पूड घातली तर पाक गढूळ होतो, आणि अख्खा मसाला सुटा टाकला तर जेवताना कुणाच्या तरी दाताखाली चक्रीफूल येतं. लवंगा काकू स्वतः मोजून घालायच्या. चोवीस, किलोला तीन. मला तो कंजूषपणा वाटायचा. एका वर्षी पुरचुंडी बांधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी मूठभर लवंगा दडपल्या. दुसऱ्या दिवशी गोड खाल्ल्यावर अख्खी पंगत जिभेवरून बोट फिरवत होती. लवंगेच्या तेलाने जीभ बधिर होते, दातदुखीवर ते लावतात ते उगाच नाही. एक आजोबा म्हणाले, "दाढ दुखत होती, थांबली बुवा." पुरचुंडी कोणी बांधली, हे काकूंनी कधीच कोणाला सांगितलं नाही.

रात्री शिजवण्यामागेही कारण होतं. पाकातली चव फळात उतरायला वेळ लागतो, ताज्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचं कंपोट नेहमीच सरस. म्हणून गॅस बंद करून, झाकण ठेवून सगळे घरी जात. निघताना पुरचुंडी पिळून काढायचं काम सगळ्यात लहान मुलाचं. त्याच्या हाताला दुसऱ्या दिवशीही दालचिनीचा वास येई आणि ते पोर तो सगळ्यांना हुंगायला लावत फिरे.

काकू आता उभ्या राहत नाहीत, खुर्ची टाकून बसतात. गेल्या वर्षी पुरचुंडी पुन्हा माझ्याकडे आली. मी लवंगा ताटलीत मांडून मोठ्याने मोजल्या. चोवीस झाल्यावर काकूंनी ताटली पुढे ओढली, चष्मा लावला आणि पहिल्यापासून परत मोजायला सुरुवात केली.