एका नाण्याला एक गुण

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि आपापल्या पात्राची भूमिका करत खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातला योद्धा तलवार म्यानातून न काढताही अधिक पराक्रमी होऊ शकत असे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासूनच त्यात एका सुवर्णनाण्याला एक अनुभवगुण, म्हणजे एक एक्सपी, असा हिशेब होता. भुयारातले सोने सुखरूप बाहेर आणले की तितके गुण पदरात पडत आणि पुरेसे साठले की पात्राची लेव्हल वाढे. सोने उचलल्याने कोणाला तलवारबाजी कशी येईल, हा आक्षेप रास्तच आहे आणि मीही तो पुष्कळ दिवस तावातावाने घेत असे. तरीही या खेळात गुण देण्याच्या जितक्या तऱ्हा झाल्या, त्यांत मला आज हीच सर्वांत शहाणपणाची वाटते.

१९८१ च्या बेसिक आवृत्तीतले आकडे पाहावेत. दुसऱ्या लेव्हलला पोहोचण्यासाठी चोराला १,२००, योद्ध्याला २,००० आणि जादूगाराला २,५०० गुण लागत. गॉब्लिन म्हणजे खेळातला एक क्षुद्र, दुष्ट जीव; अशा एकाला हरवल्याचे गुण मिळत पाच, आणि तेही साऱ्या चमूत वाटले जात. म्हणजे केवळ गॉब्लिन मारून वर चढायचे ठरवले, तर एकट्या योद्ध्याला चारशे गॉब्लिन लोळवावे लागले असते. आणि पहिल्या लेव्हलचा योद्धा असा नाजूक की फासा वाईट पडला तर पहिल्याच गॉब्लिनच्या एका घावात त्याचा कारभार आटोपावा. असा हिशेब समोर असताना शहाणा खेळाडू लढाईच्या वाटेला जातच नाही. तो राक्षसांना खाऊ घालतो, खोट्या थापा मारतो, दोन टोळ्यांत भांडण लावून देतो, आणि ती जुंपली की मागच्या दाराने पेटी घेऊन पसार होतो. गुण सोन्याला असल्यामुळे अक्कल चालवणे आपोआपच फायद्याचे ठरते.

शिवाय ते सोने वाहून न्यावे लागे. दहा नाण्यांचे वजन एक पौंड, आणि १,६०० नाण्यांपलीकडे ओझे गेले की पात्र जागचे हलायचेच नाही. जितकी कमाई अधिक तितकी चाल मंद, आणि पाठलाग करणारे मात्र रिकाम्या हातांनी धावत येणार; त्यामुळे अंधाऱ्या बोळात उभे राहून मशाल टाकावी, दोर टाकावा की चांदी टाकावी, यावर जी वादावादी होते, तिची मजा मला कोणत्याही ड्रॅगनवधात आलेली नाही.

पुढे खेळाची तऱ्हा बदलली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत कोणत्या लेव्हलला किती गुण लागतात याचे सर्वांना एकच कोष्टक आले आणि गुणांचा मुख्य ओघ राक्षसांकडून येऊ लागला. त्याच आवृत्तीत जादूची वस्तू घडवणाऱ्याला स्वतःचे अनुभवगुण खर्चावे लागत, ही तरतूद मात्र मला फार आवडते, कारण कारागिरीची झीज इतक्या रोखठोकपणे कोणी मांडलेली नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गॉब्लिनचा भाव पन्नास गुणांवर गेला आणि दुसरी लेव्हल तीनशेवर आली. साहजिकच वाटेत दिसलेल्या प्रत्येक प्राण्याकडे लोक त्याच्यावर किंमत लिहिल्यासारखे पाहू लागले. यावर उतारा म्हणून कित्येक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारा) गुण मोजणेच सोडून देतात आणि कथेचा एखादा टप्पा पार पडला की सर्वांची लेव्हल एकदम वाढवतात. यात हिशेबाची कटकट उरत नाही आणि कोणी मागेही पडत नाही, हे मान्य. पण पुढची लेव्हल कशाने मिळेल हे डीएमच्या मनात राहते, आणि खेळाडूची स्वतःची हाव, जिच्यावर हा खेळ उभा होता, तिला काही कामच उरत नाही.

आमच्या चमूत अजून गुण मोजले जातात. मध्यंतरी आमच्यातला एक जण ६,४८० वर अडकला होता आणि पाचवी लेव्हल ६,५०० ला लागते. गॉब्लिनचे पन्नास गुण पाच जणांत वाटले की वाट्याला दहा येतात, हे त्याने कागदावर मांडून दाखवले आणि राजदूताला सोडवायच्या घाईत असलेल्या आम्हा सर्वांना वेशीवर थांबवून पहारेकऱ्याला अत्यंत आदराने विचारले, की आसपास कुठे दोन गॉब्लिन मिळतील का.