आधी पाणी, मग बोट, शेवटी कापड

आमच्या शास्त्राच्या बाई दिवसभर फळ्यावर लिहायच्या, तरी त्यांच्या चष्म्यावर खडूची भुकटी कधी दिसली नाही. तास संपला की त्या प्रयोगशाळेतल्या नळाखाली चष्मा धरायच्या, धुतलेल्या रुमालाने टिपायच्या आणि पुढच्या वर्गावर जायच्या. १९८१ साली, मी आठवीत असताना, मला नंबर लागला. वर्गात ‘ढापण्या’ ही हाक सुरू झाली आणि माझा चष्मा दप्तरातच राहू लागला. बाईंच्या ते लक्षात आलं. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी शाळेतल्या सगळ्या चष्मेवाल्यांना प्रयोगशाळेत बोलावलं.

त्या सुट्टीत त्यांनी जे दाखवलं, त्यावर पुढे माझा व्यवसाय उभा राहिला. म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

टेबलावर एका फुटक्या चष्म्याची काच होती आणि कागदाच्या पुडीत कृष्णेकाठची चिमूटभर वाळू. बाईंनी वाळू काचेवर टाकली आणि वरून सुती फडकं गोल फिरवलं. मग काच खिडकीपाशी तिरकी धरली आणि आम्हाला भिंगातून आळीपाळीने बघायला लावलं. काचेवर बारीक चरे उठले होते. “वाळूत गारगोटी असते, ती काचेपेक्षा कठीण. रस्त्यावरच्या धुळीतही तीच असते. सदऱ्याच्या टोकाने कोरडी काच पुसलीत की हेच होतं, फक्त हळूहळू होतं,” बाई म्हणाल्या.

दुसरा प्रयोग तेलाचा. काचपट्टीवर त्यांनी खोबरेलाचं बोट ओढलं आणि वर पाणी सोडलं. पाण्याचे थेंब होऊन ते घरंगळलं, तेल जागच्या जागी. मग रिठ्याचं पाणी घालून बोटाने हलकं चोळलं आणि पुन्हा नळाखाली धरलं, तर पट्टी लख्ख. आम्हा सगळ्यांची डोकी तेव्हा तेलाने चप्प असायची. तेच तेल बोटांवर आणि बोटांवरून चष्म्यावर. ‘हा’ करून वाफ सोडली आणि पुसलं, तर ते सगळीकडे सारखं पसरतं एवढंच. त्या दिवशी बाईंनी आमच्याकडून म्हणवून घेतलं: आधी पाणी, मग बोट, शेवटी कापड.

गेली तीसेक वर्षं सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. बाईंचा क्रम आजही तसाच चालतो, उलट त्याची गरज वाढली आहे. आमच्या वेळच्या काचा खरोखर काचेच्या होत्या. जड, पडल्या की फुटणाऱ्या, पण चऱ्यांना बऱ्यापैकी दाद न देणाऱ्या. आताची भिंगं प्लॅस्टिकची. वजन काचेच्या जवळपास निम्मं, मुलांच्या डोळ्यांना सुरक्षित, पण मऊ. वर कोटिंगचे पातळ थर. बाईंच्या टेबलावरची ती वाळू प्लॅस्टिकला कितीतरी लवकर चरे पाडते.

गिऱ्हाइकं म्हणतात, “आवो दादा, रोज पुसतोय की, तरी धुरकटच दिसतंय!” रोज कोरडं पुसलं म्हणूनच ते धुरकट झालेलं असतं. घरी करायचं ते एवढंच. नळाच्या साध्या धारेखाली चष्मा धरायचा, धूळ वाहून जाऊ द्यायची. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटांवर घेऊन भिंगाच्या दोन्ही बाजू, नाकाची पॅडं, काड्या आणि फ्रेमची खाच हलक्या हाताने चोळायची. धुऊन झटकायचं आणि मऊ, स्वच्छ कापडाने टिपायचं. आपल्याकडे बोअरचं पाणी बरेच ठिकाणी जड आहे. ते भिंगावर वाळलं की पांढरे डाग राहतात, म्हणून टिपायला उशीर नको. पुसायचं कापडही साबणाने धुवायचं, पण कपडे मऊ करायचं लिक्विड त्याला लावायचं नाही, नाहीतर त्याचा थर भिंगावर बसतो. टिश्यू पेपर, पदर, टॉवेल नको. खिडक्यांच्या काचा पुसायचा स्प्रे, व्हिनेगर, नेलपेंट काढायचं पाणी तर अजिबात नको. चरे घालवायला टूथपेस्ट चोळणारे भेटतात तेव्हा जीव तुटतो. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटीच असते. चरा तसाच राहतो आणि आजूबाजूचं कोटिंगही जातं.

उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत चष्मा ठेवू नका, कढत पाण्यानेही धुऊ नका. उष्णतेने भिंग आणि कोटिंग सारखं प्रसरण पावत नाही. मग कोटिंगवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि त्यावर इलाज नाही.

मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांशी काम करणारे येतात, त्यांच्या फ्रेमच्या खाचेत पिवळी भुकटी घट्ट बसलेली असते. हळदीचा रंग नुसत्या पाण्यात विरघळत नाही, तिथे साबणच लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर तर गाळाने माखलेले चष्मे घेऊन माणसं आली. घरातलं सगळं गेलेलं, पण चष्म्याशिवाय पंचनाम्याचा कागदही वाचता येईना. एक आजोबा वाळलेला गाळ नखाने खरवडत होते. मी त्यांच्या हातातून चष्मा घेतला, पाण्यात भिजत ठेवला, गाळ आपोआप सुटू दिला. दोन्ही भिंगं शाबूत निघाली. त्या आठवड्यात बाईंची फार आठवण आली.

शाळेच्या या महोत्सवी वर्षात मला सांगायचं आहे ते मुलांबद्दल. आईवडील पोटाला चिमटा काढून मुलाला चष्मा करतात, पण तो धुवायचा कसा हे त्या मुलाला घरी, शाळेत, अनेकदा दुकानातही कुणी दाखवत नाही. मग फळा धुरकट दिसतो आणि नंबर वाढला अशी समजूत होते. नंबर तपासायला यावंच, पण आधी चष्मा धुऊन बघावा. मूल एका हाताने ओढून चष्मा काढत असेल तर दोन्ही हातांनी काढायला शिकवावं, काड्या फाकत नाहीत. ठेवताना भिंगं वर असावीत, आणि शक्यतो डबीतच.

मुख्याध्यापकांना विनंती आहे, की मुलांच्या नळापाशी साबणाच्या लिक्विडची एक बाटली कायम असावी आणि जूनमध्ये चष्मेवाल्या मुलांना एकदा हे करून दाखवावं. बोलावलंत तर मी येईन. मऊ कापडाचे तुकडे दर वर्षी मी पोचवीन. कुणाचा स्क्रू ढिला झाला, नाकाची पॅडं हिरवी पडली, तर आपल्या शाळेच्या मुलाने सरळ दुकानात यावं. त्याचे पैसे घेणार नाही.