बाबांचं बटण

आज बाबांनी शर्टाचं एक बटण स्वतः लावलं! पक्षाघाताला ४ महिने झालेत, उजवा हात अजून जडच आहे. रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून सराव घेणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी शिकवलेला क्रम आता अंगवळणी पडलाय: घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी. काजापाशी बोटं थरथरायला लागली तसा माझा हात पुढे गेला. ताईंनी नजरेनेच थांबवलं. मेंदूला नवी वाट पाडायची तर तीच हालचाल पुन्हा पुन्हा बाबांनीच करायला हवी. इतके दिवस मी घाईघाईने बटणं लावून देत होते, आणि त्यालाच सेवा समजत होते. फार लागलं ते मनाला. ६ मिनिटं गेली. बटण काजातून सरकलं, आणि बाबांनी लगेच खालच्या बटणाला हात घातला.