मिरीचा एक वेल आणि प्लेटमधले ९६ वेल

बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना मी प्रकल्पासाठी मिरीला तिखटपणा देणारे पायपेरीन निवडले, त्याला अर्धे कारण अभ्यासाचे होते आणि अर्धे जांबोटीजवळ आजोळच्या परसात सुपारीवर चढलेल्या वेलाचे. जम्मूच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले होते की, पायपेरीन सोबत असले तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक कमी मात्रेतही लागू पडते. या जिवाणूच्या पटलात नॉरए नावाचा पंप असतो आणि तो आत शिरलेले औषध बाहेर फेकतो. पायपेरीन त्या पंपालाच अडवते. आज्जीला हे सांगितल्यावर तिने विचारले, "मग काढा करून पाजायचा सोडून एवढा खटाटोप कशाला गं?" पण पायपेरीन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे काढ्यात ते किती उतरले हे कोणालाच सांगता येत नाही.

मिरपूड अल्कोहोलमध्ये उकळली, राळ वेगळी व्हावी म्हणून अल्कोहोलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातले आणि गाळलेल्या द्रावात थेंब थेंब पाणी सोडले. पहिल्या खेपेला पाणी घाईने ओतल्यामुळे तळाशी नुसता डांबरासारखा चिकटा बसला. दुसऱ्या खेपेला मात्र सकाळी चंचुपात्रात फिकट पिवळ्या सुया दिसल्या, वीस ग्रॅम मिरीतून अर्धा ग्रॅमही नाहीत.

खरी परीक्षा पुढे होती. चेकरबोर्ड चाचणीत ९६ वेलांच्या प्लेटमध्ये एका दिशेने औषध निम्म्या-निम्म्याने कमी करत नेतात आणि दुसऱ्या दिशेने पायपेरीन. (प्रयोगशाळेत त्या खळग्यांनाही 'वेल'च म्हणतात, त्यामुळे घरी माझे बोलणे कोणाला कळेना.) पहिल्या प्लेटमध्ये जिथे पायपेरीन सर्वांत जास्त, तिथेच द्राव गढूळ झाला आणि त्याने जिवाणू उलट वाढतात असा निष्कर्ष मी वहीत लिहूनही टाकला. मॅडमनी एक ओळ जिवाणू न घालता लावायला सांगितली, तर तीही तितकीच गढूळ निघाली. तो नुसता न विरघळलेल्या पायपेरीनचा साका होता. तेव्हापासून मी डोळ्यांवर न विसंबता रेझाझुरिन हे रंगद्रव्य वापरले, कारण ते जिवंत जिवाणूंमुळेच निळ्याचे गुलाबी होते. पायपेरीन ज्यात विरघळवले त्या डीएमएसओची वेगळी ओळही प्रत्येक प्लेटमध्ये ठेवली.

रुग्णांकडून आलेले दोन प्रतिरोधक जिवाणू मिळवण्याच्या परवानगीत सहा आठवडे गेले. अर्ज इंग्रजीत, सोबतची पत्रे कन्नडमध्ये आणि उशीर का होतो हे घरी समजवायचे मराठीत. पहिल्या जिवाणूला रोखायला मिलिलिटरमागे ८ मायक्रोग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिन लागत होते, ते ५० मायक्रोग्रॅम पायपेरीनसोबत २ वर आले. ८ चे ४ झाले असते तर मी ते धरले नसते, कारण एका वेलाचा फरक त्याच चाचणीत सहज पडतो. एकट्या पायपेरीनने २०० पर्यंत वाढ थांबली नाही, म्हणून हिशेबासाठी त्याची मर्यादा ४०० धरली. सोबत असताना लागलेली मात्रा भागिले एकट्याने लागणारी मात्रा, अशा दोन्ही अपूर्णांकांची (२/८ आणि ५०/४००) बेरीज ०.३७५ आली, आणि ०.५ किंवा त्याहून कमी असेल तरच दोघांचे खरे सहकार्य मानतात. तीन वेगवेगळ्या दिवशी हेच उत्तर आले.

दुसऱ्या जिवाणूचा आकडा ६४ होता आणि तो ६४ च राहिला. औषध ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते ते विकरच उत्परिवर्तनाने बदलले असेल, तर पंप अडवून फारसे काही साधत नाही. मात्र जनुके तपासण्याची सोय नसल्यामुळे मी ती केवळ शक्यता म्हणून नोंदवली. एवढ्या मेहनतीनंतर तो तक्ता प्रबंधात घालताना जिवावर आले होते, पण मला आता तोच अधिक मोलाचा वाटतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले की, मग रुग्णाने मिरी खावी का? जेवणातल्या मिरीने रक्तात एवढे पायपेरीन पोहोचत नाही, आणि जास्त घेतले तर यकृतात इतर औषधांचा निचरा मंदावून त्यांचे प्रमाण वाढू शकते, असे उत्तर मी दिले. घरी येऊन आज्जीलाही बजावले की, मिरीच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या कमी करायच्या नाहीत. "तसं मी कधी म्हटलं होतं?" ती म्हणाली.