दहा वॅटच्या आवाजामागे : नेवाडाच्या ओसाड रस्त्यावर रेडिओ घेऊन पाच दिवस

अमेरिकेतील हमरस्त्यांवर आणि राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशद्वारांपाशी ‘रेडिओवर १६१० लावा’ किंवा ‘५३० लावा’ असे सांगणारे फलक अजूनही कोठे कोठे दिसतात. बहुतेक प्रवासी त्यांच्याकडे पाहतही नाहीत. मी मात्र गेली काही वर्षे हे फलक शोधत हिंडतो, कारण दूरच्या मध्यम लहरींची केंद्रे ऐकणे हा माझा छंद आहे आणि त्या छंदातील सर्वांत अवघड सावज म्हणजे प्रवाशांना रस्त्याची आणि उद्यानाची माहिती ऐकवणारी, या फलकांमागची ही लहान प्रवासी माहिती केंद्रे होत. गेल्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटहून निघून सिएरा नेवाडाचा घाट ओलांडून नेवाडा राज्यातील यूएस ५० या रस्त्याने ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानापर्यंत मी जाऊन आलो. सोबतीला पुण्याहून सुट्टीवर आलेला माझा मेव्हणा होता. त्याला रेडिओत काडीचा रस नव्हता, पण गाडी चालवण्याची हौस दांडगी होती.

आधी या केंद्रांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९७७ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ही सेवा सुरू करण्यास परवानगी दिली, तेव्हा तिला मध्यम लहरींच्या, म्हणजे एएम पट्ट्याच्या दोन टोकांची ५३० आणि १६१० किलोहर्ट्झ ही दोनच स्थाने मिळाली होती. पुढे संपूर्ण पट्टा खुला झाला. परवाना सरकारी यंत्रणांना मिळतो, जाहिरातींना मनाई आहे आणि शक्तीची मर्यादा १० वॅट आहे. मोठ्या व्यापारी केंद्रांची शक्ती ५०,००० वॅट असते, हे लक्षात घेतले म्हणजे तफावत कळते. पण खरी मेख शक्तीत नसून अँटेनात आहे. ५३० किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ५६६ मीटर भरते, म्हणजे पाव तरंगाचा मनोरा उभारायचा तर तो १४० मीटरच्या घरात जाईल. या केंद्रांना मात्र १५ मीटरपेक्षा उंच अँटेना उभारता येत नाही. एवढ्या आखूड काठीतून त्या १० वॅटांपैकी फारच थोडा भाग लहर होऊन बाहेर पडतो, बाकीचा जमिनीत आणि तारेच्या वेटोळ्यांत ऊब होऊन जिरतो. असे असूनही रात्रीच्या वेळी आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांच्या कृपेने ही केंद्रे कधीकधी शेकडो किलोमीटरवर ऐकू येतात, आणि हीच त्यांची ओढ आहे.

दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा ‘डी’ थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीला धरून जाणारी लहर तेवढी पोहोचते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूर जाऊन उतरतात. सांगलीत लहानपणी गच्चीवर अंथरुणे पडली की वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर सांगली केंद्राच्या १२५१ च्या आसपास दिवसा कधी नसलेले परके आवाज उमटत, ते याच कारणाने. हिवाळ्यात रात्री मोठ्या असतात आणि विजांच्या गडगडाटाची खरखर कमी असते, म्हणून या छंदाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च समजावा.

पहिला दिवस प्रवासातच गेला. सॅक्रामेंटो सोडल्यावर आय-८० हा हमरस्ता चढू लागतो आणि सुमारे २,२०० मीटर उंचीवर घाटमाथा येतो. त्या दिवशी आकाश निरभ्र होते, रेडिओच्या फलकांवरचे, तातडीचा संदेश असताना लागणारे दिवे विझलेले होते. रेनो आणि फॅलन मागे पडल्यावर यूएस ५० लागतो, ज्याला १९८६ साली एका मासिकाने अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता ठरवले आणि तेव्हापासून नेवाडाने ते बिरुद कौतुकाने मिरवले. पुढे जाणाऱ्यांसाठी येथेच सांगतो, की फॅलन ते ऑस्टिन हे अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे आणि त्या टप्प्यात इंधनाच्या भरवशावर राहू नये. ऑस्टिन, युरेका आणि ईली येथे टाकी गरज नसली तरी भरून घ्यावी. नोव्हेंबरात या भागात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो, त्यामुळे अंधारात रस्त्यावर हरणे आडवी येण्याची शक्यता गृहीत धरून चालवावे लागते.

ऑस्टिनच्या मोटेलात मी पहिली चूक केली. खोलीत शिरताच टेबलावर रेडिओ मांडला आणि संपूर्ण पट्टाभर एकच घरघर ऐकू आली. हीटर बंद केला, दूरदर्शन संचाचा प्लग काढला, तरी काही उपयोग झाला नाही. शेवटी ध्यानात आले, की पलंगाशेजारच्या एलईडी दिव्याचा मंदक (डिमर) आणि फोनचा चार्जर हे दोन चोर होते. ते उपटल्यावर घरघर निम्मी झाली, पण उरलेली निम्मी शेजारच्या खोल्यांतून येत होती. आता मी खोली ठरवण्यापूर्वीच लहान रेडिओ रिकाम्या जागी, म्हणजे ६०० च्या आसपास जेथे केंद्र नसेल तेथे लावून अंगणात एक फेरी मारतो. घरघर जेथे संपते तेथेच ऐकण्याची बैठक मारावी. त्या रात्री ती जागा गावाबाहेर दोन किलोमीटरवर एका खडीच्या वळणावर मिळाली.

गाडीचा रेडिओ तुच्छ लेखू नये. त्याची अँटेना बाहेर असते आणि पत्र्याची चौकट तिला जमिनीसारखी उपयोगी पडते, त्यामुळे इंजिन बंद ठेवले तर तो अनेक महागड्या हातातल्या संचांच्या तोडीस तोड चालतो. फक्त गाडी भाड्याने घेणार असाल तर तिच्यात एएम पट्टा आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. काही विद्युत गाड्यांमधून मोटारीच्या गोंगाटामुळे तो काढून टाकला आहे. आणि इंजिन बंद ठेवून तासन्‌तास ऐकायचे तर बॅटरीकडे लक्ष ठेवावे.

भारतातून अंकदर्शी रेडिओ घेऊन येणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना करतो. आपल्याकडे केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, तर अमेरिका खंडांत १० च्या. त्यामुळे भारतीय मांडणीत संच ठेवला तर तो १६०२ वरून एकदम १६११ वर उडी मारतो आणि १६१० चे क्षीण केंद्र कडेला पडते. बहुतेक संचांत ही पायरी बदलण्याची सोय असते. ती निघण्यापूर्वी घरीच शोधून ठेवावी, कारण उणे आठ अंश तापमानात हातमोजे घालून पुस्तिका चाळणे हा सुखाचा अनुभव नाही.

दुसऱ्या दिवशी ईलीमार्गे बेकर या चिमुकल्या गावी पोहोचलो आणि उद्यानातील वर्षभर उघड्या असणाऱ्या लोअर लेहमन क्रीक येथे तंबू ठोकला. ३,९८२ मीटर उंचीच्या व्हीलर शिखरावर बर्फ होते. हे उद्यान २०१६ पासून अधिकृत ‘अंधाऱ्या आकाशाचे’ उद्यान आहे. ज्या कारणाने येथे तारे स्वच्छ दिसतात त्याच कारणाने रेडिओही शांत असतो, कारण दिवे नाहीत तेथे दिव्यांची घरघरही नाही. राष्ट्रीय उद्यानात झाडांवर तार टांगू नये. लांब तारेची अँटेना पसरायची असेल तर उद्यानाबाहेरच्या सार्वजनिक जमिनीवर जावे. मी एक हातभर व्यासाचे तारेचे वेटोळे आणि संचाच्या आतली अँटेना, म्हणजे फेराइट कांडी, यांवर भागवले.

फेराइट कांडीची गंमत अशी, की ती आडव्या अंगाने उत्तम ऐकते आणि टोकांच्या दिशेने जवळजवळ बहिरी असते. जवळचे दांडगे केंद्र दडपायचे असेल तर कांडीचे टोक त्याच्याकडे रोखावे. बेकरहून ईशान्येला सॉल्ट लेक सिटी आहे आणि तेथील केएसएल ११६० वर ५०,००० वॅटनी इतके जोरात येते, की ११५० आणि ११७० वरही त्याचे शिंतोडे उडतात. संच गुडघ्यावर ठेवून अंशाअंशाने फिरवत गेल्यावर एका जागी ते एकदम खोल विहिरीत पडल्यासारखे झाले आणि कडेची लहान केंद्रे वर आली. ती जागा बोटभरही रुंद नसते. संच जरा जास्त वळवला की केएसएल पुन्हा छातीवर येऊन बसते.

सूर्यास्ताच्या सुमाराचा अर्धा तास मी कधी चुकवत नाही. पूर्वेकडे तेव्हा अंधार झालेला असतो, त्यामुळे तिकडची केंद्रे आपल्याकडे उजेड असतानाच डोके वर काढू लागतात. शिवाय अनेक केंद्रांना रात्री शक्ती कमी करावी लागते किंवा बंदच व्हावे लागते, म्हणून ती ऐकण्याची खिडकी एवढीच असते. त्या संध्याकाळी न्यू ऑर्लिअन्सचे ८७०, सान अँटोनिओचे १२०० आणि डी मॉइनचे १०४० एकामागून एक आले. कॅनडातील सस्कॅचवानच्या वॉट्रसचे ५४० तर रात्रभर खुंटा ठोकल्यासारखे होते. मला सर्वांत आवडले ते ६६० वरचे केटीएनएन. अॅरिझोनातील विंडो रॉक येथून नवाहो या मूळनिवासी राष्ट्राचे हे केंद्र चालते आणि निवेदन नवाहो भाषेत कानावर पडते. न्यू जर्सीतील माझ्या मित्राकडे त्याच ६६० वर न्यू यॉर्कच्या खेळांच्या गप्पा चालू असतात.

केंद्राची ओळख दर तासाच्या ठोक्याला कॉल साईन, म्हणजे केंद्राचे सांकेतिक नाव, आणि गावाच्या नावाने सांगितली जाते, म्हणून त्याच्या दोन मिनिटे आधी कान टवकारावे आणि फोनचे ध्वनिमुद्रण चालू करावे. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस नावे ‘के’ ने आणि पूर्वेस ‘डब्ल्यू’ ने सुरू होतात, पण पिट्सबर्गचे केडीकेए आणि वर उल्लेखिलेले सान अँटोनिओचे डब्ल्यूओएआय यांसारखे जुने अपवाद नवख्याला चकवतात. घड्याळाच्या बाबतीत मीच चकलो. बेकर यूटाच्या सीमेला इतके चिकटून आहे, की फोनने पलीकडचा मनोरा पकडून मला न सांगता वेळ एक तास पुढे नेली आणि पहिल्या रात्रीची अर्धी नोंदवही चुकीच्या वेळांनी भरली. तेव्हापासून मनगटावर एक साधे घड्याळ जागतिक वेळेला (यूटीसी) लावून ठेवतो आणि नोंद त्याच वेळेने करतो. डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे वेळ सांगणारे लघुलहरी केंद्र १०,००० किलोहर्ट्झवर लावले तर घड्याळही जुळवता येते आणि दर तासाच्या अठराव्या मिनिटाला सूर्याच्या लहरीपणाची बातमीही मिळते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ जास्त असेल तर उत्तरेकडची केंद्रे दबतात, तेव्हा दक्षिणेकडे लक्ष वळवावे.

तिसऱ्या पहाटे, १३:४० जागतिक वेळेला, म्हणजे नेवाडाच्या घड्याळात ५:४० ला, मी ५३० वर बसलो होतो. पहाट हा दुसरा मोक्याचा काळ आहे, कारण पूर्वेला उजाडून तिकडची केंद्रे विरत जातात आणि पश्चिमेकडच्या दुबळ्या केंद्रांना मोकळीक मिळते. आधी नुसती शीळ होती. मग तिच्याखाली एका बाईचा आवाज आला, गोधडीखालून बोलल्यासारखा. या केंद्रांचा ध्वनी अनेक वर्षे ३ किलोहर्ट्झपर्यंतच छाटण्याचा नियम होता, त्यामुळे हा दबकेपणा त्यांची खूणच बनला आहे. ‘चेन कंट्रोल’ हे शब्द स्पष्ट आले, नंतर ‘आर-२’, म्हणजे बर्फाचे टायर लावलेल्या चार चाकी चालनाच्या गाड्या वगळता सर्वांना चाकांवर बर्फाच्या साखळ्या बंधनकारक. रात्रीतून सिएरात बर्फ पडले होते तर! अशा केंद्रांचा मोठा गुण हा, की तोच संदेश फिरून फिरून लागतो. एका फेरीत विरलेला शब्द पुढच्या फेरीत सापडतो. सहा फेऱ्यांत मी कॉल साईनची अक्षरे आणि तीनपैकी दोन अंक जमवले. बाई शेवटच्या ‘नाइन’ आधी दर वेळी किंचित अडखळत होती. मधला अंक काही हाती लागला नाही, आणि साडेसहाच्या सुमाराला कोवळ्या उन्हाबरोबर सारे पुसले गेले. नोंदवहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकले.

“दाजी, चेन कंट्रोल तर मोबाइलवर पण दिसतं की,” तंबूतून डोके बाहेर काढून मेव्हणा म्हणाला. त्याचे चुकले नव्हते. अनेक राज्यांच्या रस्ते विभागांनी याच विचाराने ही केंद्रे बंद केली आहेत, आणि म्हणूनच जी उरली आहेत ती ऐकून घ्यावीत असे मला वाटते. त्याला मी एवढेच दाखवले, की त्या क्षणी त्याच्या फोनवर एकही रेघ नव्हती.

चौथ्या रात्री फॅलनला थांबून पाचव्या दिवशी परतताना घाट मोकळा झाला होता, साखळ्यांची सक्ती उठली होती. घाटातले ट्रकी गाव मागे पडल्यावर ५३० चा फलक दिसला. संदेश आता वेगळा होता, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या मार्गिकेचा, पण शेवटी कॉल साईन आली आणि ‘नाइन’ आधी तीच अडखळ. मेव्हण्याने मला बोलू न देता माझ्या फोनवरचे पहाटेचे मुद्रण लावले आणि म्हणाला, “हीच बाई!” बेकर येथून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर आहे. मधला अंक मी पुढच्या विसाव्याच्या जागी थांबून, दोन फेऱ्या ऐकून मगच लिहिला.

अशा केंद्राकडून ते ऐकल्याची लेखी पोच मिळवायची असेल तर मोठ्या केंद्रांसारखा छापील कार्डाचा आग्रह धरू नये. पत्र परवानाधारक कार्यालयाच्या तंत्रविभागाला उद्देशून लिहावे, त्यात जागतिक वेळ, ऐकलेला मजकूर शब्दशः आणि आपले अंतर द्यावे, सही करून परत पाठवण्यापुरता तयार मजकूर आपणच सोबत जोडावा आणि तिकीट लावलेले पाकीट विसरू नये. माझे पत्र सोमवारी पेटीत पडले.