गॅप इयर आणि मेंढीचे जनुक

बारावीनंतर विद्यापीठात प्रवेश घेण्याआधी एक वर्ष थांबण्याचा माझा निर्णय घरातल्या बहुतेकांना अजून पचलेला नाही. आजचा दिवस मात्र फलटण परिसरातील एका धनगर वाड्यावर, मेंढ्यांचे रक्तनमुने घेणाऱ्यांच्या हाताखाली गेला.

दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातील गॅरोल मेंढी अंगाने लहान असूनही जुळी-तिळी देते. यामागे 'फेक-बी' नावाचे उत्परिवर्तन आहे: डीएनएतील एकच अक्षर बदलल्याने अंडाशयातून एका वेळी अधिक बीजे सुटतात. २००१ मध्ये हा बदल नेमका ओळखला गेला. फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेने संकरातून हे जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि 'नारी सुवर्णा' तयार केली.

मानेवरची लोकर बाजूला सारून शीर सापडली की जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यायचे, ते गोठू नये म्हणून नळी हलकेच उलटसुलट करायची आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक तिच्यावर लिहायचा. यातले शेवटचे काम माझे. मेंढा काही विणार नाही, त्यामुळे त्याच्याकडे हे जनुक आहे का, हे लहानपणीच कळायचे तर तपासणीलाच पर्याय नाही.

"जुळी झाली तरी दोघांना दूध पुरलं पाहिजे की," असे वाड्यावरचे मामा म्हणाले, आणि मला हा आक्षेप अगदी रास्त वाटतो. जनुकाची एक प्रत असली तर बहुधा जुळ्यांवर भागते, दोन असल्या तर कोकरांची संख्या आणखी वाढून ती अशक्त निपजण्याचा धोका असतो. म्हणून पैदाशीइतकाच गाभण मेंढीच्या खुराकाचा हिशेबही मांडावा लागतो.